गाजराचा पाला द्या, गाजर राहू दे

आमच्याकडे दोन ससे आहेत. एक तपकिरी, एक पांढराशुभ्र. नावं पोरानं ठेवली: तांबडा आणि पांढरा. कोल्हापुरात असली नावं ठेवल्यावर जे व्हायचं ते होतंच. येणारा प्रत्येक पाहुणा पिंजऱ्यात डोकावतो, "मग रविवारी बेत काय?" विचारतो आणि हा विनोद जगात पहिल्यांदा आपणच केला अशा तोऱ्यात हसतो. हसू दे. माझी तक्रार विनोदाबद्दल नाही. विनोदानंतर खिशातून जे बिस्कीट निघतं, त्याबद्दल आहे.

आपल्याकडे दारात आलेल्या जिवाला काहीतरी खायला घातल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. सासूबाईंना तर नाहीच. "एवढंएवढंसं लेकरू, आणि नुसतं गवत घालतीस व्हय गं?" हे मी रोज ऐकत होते. त्यांचं माहेर कसबा बावड्याचं, घरात कायम म्हशी. म्हणून मी त्यांना म्हशीच्याच भाषेत सांगितलं. आत्ती, म्हैस वैरण आधी आंबवते, मग पचवते. ससा आधी पचवतो आणि उरलेलं शेवटी आंबवतो. त्याच्या पोटात मागच्या बाजूला एक मोठी पिशवी असते, सगळा कारखाना तिथं. त्या पिशवीतले जंतू गवताच्या चोथ्यावर जगतात. त्यांच्यापुढं बिस्कीट, भाकरी, गूळ गेला की नको ते जंतू माजतात, गॅस धरतो, पोटाची हालचाल मंदावते. आणि सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलं ते गेलं.

रवंथाचं विचारलंच त्यांनी. रवंथ नाही, पण ससा रात्री-पहाटे मऊ, चिकट लेंड्या टाकतो आणि तोंड खाली घालून त्या थेट खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण तेव्हापासून भाकरीचा तुकडा बंद झाला.

तर सशाचं जेवण म्हणजे वैरण. ताटातला ८० टक्क्यांहून जास्त भाग वाळलेलं गवत, आणि ते चोवीस तास समोर हवं. दुसरं कारण दातांचं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर वर्षाला १०-१२ सेंटीमीटर. गवत चघळूनच ते झिजतात; गोळीखाद्यानं तितके झिजत नाहीत. लसूणघास मिळतो आपल्याकडे, पण त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त. वाढत्या पिल्लाला आणि पाजणाऱ्या मादीला ठीक, मोठ्या सशाला रोज नको. सशाच्या शरीरात खाण्यातलं जादाचं कॅल्शियम लघवीवाटे निघतं, आणि फार झालं की लघवी खडूच्या पाण्यासारखी पांढरी, घट्ट होते. कोवळी ज्वारी जनावराला बाधते हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. सशालाही ती घालू नका. उसाचं वाडं मी देत नाही, पात्याची कड कापते. हरळी मात्र उत्तम. संकष्टीला दूर्वांच्या जुड्या जास्तीच आणते, गणपतीला २१, बाकीच्या या दोघांना.

आता भाजीचं. मी कपिलतीर्थ मंडईत जाते. भाजीवाल्या आक्का मुळ्याची, गाजराची, फ्लॉवरची पानं मोडून बाजूला टाकतात, कारण गिऱ्हाइकाला ती नको असतात. सशाला नेमकी तीच हवी असतात. एका आक्कांनी आता माझ्यासाठी पिशवीच बाजूला ठेवायला सुरुवात केलीय. "वहिनी, गाजराचा पाला काढून ठिवलाय बघा. गाजरं किती देऊ?" गाजरं आम्हाला, पोराच्या हलव्याला. ससा आणि गाजर ही जोडी चित्रातली. गाजरात साखर बरीच, त्यामुळं सशाला ते खाऊ म्हणून, एखादी पातळ चकती. पाला मात्र खुशाल रोज.

शेपू आमच्या घरी माणसांत कुणाला चालत नाही. नवरा वासानंच उठून जातो. तांबड्याला शेपू दिला की तो काडी देठाकडून धरतो, मान जागची हलत नाही, नुसते ओठ चालतात आणि काडी आत सरकत जाते. शेवटी वरचा हिरवा झुपका ओठांत अडकतो, एकदा नाक हलतं, तोही गडप. जुडीतली पुढची काडी ओढेपर्यंत मी उगीच उभी राहते.

रोजच्या पिशवीत कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा नाहीतर गाजराचा पाला यातले दोन-तीन प्रकार फिरवून असतात. फ्लॉवरची पानं अधूनमधून. ढोबळी मिरची बिया काढून चालते, काकडीची फोड उन्हाळ्यात चालते. पालक आठवड्यातून एकदा थोडा, कारण त्यात ऑक्सॅलिक आम्ल असतं. बिटाच्या पानांचंही तेच. मेथी चार काड्या. कोबीनं काही सशांना गॅस होतो, पांढऱ्याला होतो, म्हणून आमच्याकडे कोबी फक्त वड्यांना. हॉटेलातल्या सॅलडचं ते फिकट, पाणीदार लेट्यूस देऊ नका, त्यात नुसतं पाणी. दोन किलोच्या सशाला दिवसाला दाबून भरलेल्या दोन वाट्या पाला पुरे. नवी भाजी एका वेळी एकच, तीही चिमूटभर, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या बघायच्या. गोल, कोरड्या, भरपूर असतील तर पुढं जायचं. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला पाल्याची घाई करू नये.

पाला धुवायचा, हे वेगळं सांगते. मंडईतल्या भाजीवर फवारणी झालेली असते. दोनदा पाण्यातून काढून निथळत ठेवते. उन्हाळ्यात ओलाच देते, तेवढंच पाणी पोटात जातं. पावसाळ्यात मात्र आपल्याकडे हवेतच पाणी असतं. वाळलं गवत गोणीत घट्ट बांधून ठेवलं की आतून बुरशी धरते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गवत थोडं थोडंच आणते आणि हात घालून वास घेते. कुबट वास आला की सरळ फेकायचं, पैसे गेले तरी.

फळांबद्दल पाहुण्यांशी सगळ्यात जास्त वाद होतात. फळ चालतं, पण चहाचे दोन चमचे, आठवड्यातून दोन-तीनदा. सफरचंद बिया काढून, कारण बियांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. पेरू, पपई, स्ट्रॉबेरी पानासकट. केळ्याची चकती दाखवली की दोघं पिंजऱ्याच्या दारावर उभे राहतात, म्हणूनच ते औषध पाजायच्या वेळेला राखून ठेवलंय. तासगावची द्राक्षं घरात पेटीनं येतात, तेव्हा एकेकाला एक मणी, बस्स. पपई खाल्ली की सशाच्या पोटातले केस विरघळतात असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. तसं काही नसतं. केस गवतानं आणि पाण्यानं पुढं सरकतात.

कधीच द्यायचं नाही ते आमच्या स्वयंपाकघरात रोज असतं. कांदा, लसूण, कांद्याची पात यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बटाटा आणि त्याच्या साली नकोत, मोड आलेला किंवा हिरवा पडलेला तर नकोच. टोमॅटोची आणि वांग्याची पानं नकोत. राजमा, भात, फरसाण, चॉकलेट नको. अॅव्होकॅडो आता मॉलमध्ये दिसतं, माणसांनी खावं, सशाला विष आहे.

आणि रस्त्याकडेचं उपटून आणू नका. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं प्रेमानं मूठभर हिरवं आणलं होतं, "काकू, गाजराचा पाला!" ते गाजरगवत होतं. पानं दुरून खरंच तशी दिसतात, पण ते जनावराला विषारी. घाणेरी, कण्हेर, रुई, धोतरा यांच्या जवळपासही सशाला मोकळा सोडू नये. कण्हेर तर आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या अंगणात.

शेवटचं, डॉक्टरांचं. ससा दुखणं लपवतो. ओरडत नाही, कण्हत नाही, फक्त कोपऱ्यात बसतो आणि खाणं सोडतो. दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, तर सकाळची वाट बघायची नाही. सशांचा अनुभव असलेला जनावरांचा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, कारण गाई-म्हशी आणि कुत्री बघणाऱ्या सगळ्यांनाच ससा माहीत असतो असं नाही. घरातलं माणसांचं औषध तर देऊच नका. अमॉक्सिसिलिनसारखं पेनिसिलिनच्या घरातलं औषध तोंडावाटे गेलं तर सशाच्या पोटातले चांगले जंतूच मरतात आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिताना हे बिनदिक्कत विचारा. मी विचारते, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.