एकच तारीख

“मग त्या दिवशी आनंद करायचा की शोक?”

लेकीला बर्लिनची भिंत कोसळल्याची गोष्ट सांगत होतो. ९ नोव्हेंबर १९८९. माणसं भिंतीवर चढली होती, अनोळखी लोकांना मिठ्या मारत होती. तिने पुस्तकाची पानं मागे उलटली आणि बोट ठेवलं: ९ नोव्हेंबर १९३८. त्या रात्री नाझींनी जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं पेटवली, दुकानांच्या काचा फोडल्या. पुढच्या काही दिवसांत सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत डांबलं.

तारीख तीच. देशही तोच.

जर्मनीने राष्ट्रीय दिन ठरवला तो ३ ऑक्टोबर, १९९०च्या पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणाचा. ९ नोव्हेंबरला जल्लोष नको, असं अनेकांना वाटलं. हा संकोच मला फार मोलाचा वाटतो.

लेकीला अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?