सुबोतित्सा अडली एका आकड्यावर

लेक हंगेरीत, सेगेदच्या विद्यापीठात पीएचडी करते. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं तीन आठवडे तिच्याकडे राहून आलो. कुणी विचारलं की हे तिस्सा नदी आणि तिथल्या माशांच्या लालभडक रश्शाबद्दल सुरू होतात. मला मात्र आधी पासपोर्टवरचा तो व्हिसा आठवतो आणि डोकं तापतं.

सेगेद हंगेरीच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. सर्बिया, रुमानिया दोन्ही जवळ. सर्बियातलं सुबोतित्सा तर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या नाशिकहून निफाडला जावं तेवढंच. बरीच वर्षं बंद असलेली सेगेद-सुबोतित्सा रेल्वे 2023 च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. सुबोतित्साचा टाऊन हॉल आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, दोन्ही कोमोर आणि याकब या वास्तुविशारद जोडीने बांधलेले. लेकीने फोटो दाखवून दाखवून मला वेड लावलं होतं. सर्बियाने भारतीयांचा विनाव्हिसा प्रवेश 2023 पासून बंद केला, पण चालू शेंगेन व्हिसा (आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा, आमचा तोच होता) असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, हेही तिने आधीच पाहून ठेवलं होतं. तिकिटं काढली, दशम्या बांधल्या.

रात्री सहज पासपोर्ट चाळताना ती म्हणाली, "आई, इथे 01 लिहिलंय गं."

व्हिसावर किती वेळा प्रवेश करता येईल याचा एक बारीकसा रकाना असतो. आम्ही नावं तपासली, तारखा तपासल्या, दिवस बोटांवर मोजले, आणि नेमका हाच रकाना पाहिला नाही. आमचा एक प्रवेश बुडापेस्टच्या विमानतळावर उतरलो तेव्हाच संपला होता. म्हणजे सुबोतित्साला जाता आलं असतं, परत येता आलं नसतं. सामान सेगेदला आणि आम्ही सर्बियात!

सकाळी भारतातल्या व्हिसा केंद्राला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकवून "निर्णय दूतावासाचा असतो" एवढंच सांगितलं. मग ज्याने आमचे अर्ज भरले त्या एजंटला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकदाच तर जाणार होता ना?" या उत्तरावर काय बोलणार? अर्जात प्रश्न सरळ असतो, एकदा, दोनदा की अनेकदा. त्याने 'एकदा'वर खूण केली आणि खाली सह्या आम्ही केल्या. न वाचता. फी मात्र दोन्हीला सारखीच, माणशी नव्वद युरो.

तरी माझी जिरली नाही. लेक लॅबमध्ये गेल्यावर ह्यांना घेऊन मी तिथल्या सरकारी कार्यालयात पोहोचले. दारातच नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र, त्यावर सात-आठ बटणं, सगळी हंगेरियनमध्ये. मी अंदाजाने एक दाबलं. सव्वा तास बसलो, नंबर आला, खिडकीतल्या बाईंनी चिठ्ठी पाहून मान हलवली. ती रांगच वेगळी होती. पुन्हा यंत्र, पुन्हा चिठ्ठी. या वेळी शेजारच्या एका इराणी मुलाने बटण दाखवलं. हे तोवर "चल ना, आईस्क्रीम खाऊ" म्हणून मागे लागले होते. मी हटून बसले. आणखी पाऊण तासाने दुसऱ्या खिडकीत गेले. तिथली मुलगी चांगली होती, इंग्रजीही बोलत होती. तिने दोन मिनिटांत सांगितलं की इथे मुदत वाढवता येते, तीही आजारपणासारखं मोठं कारण असेल तरच. प्रवेशांची संख्या वाढत नाही. त्यासाठी नवा व्हिसा, आणि तो भारतातून. दोन तासांचं उत्तर दोन मिनिटांत! धन्यवाद म्हणून बाहेर आले आणि आईस्क्रीम खाल्लं.

संध्याकाळी लेकीने नकाशा उघडला. हंगेरीचे शेजारी सात, त्यातले सर्बिया आणि युक्रेन शेंगेनबाहेर. बाकी पाच आपल्याला खुले. रुमानियाही, कारण 1 जानेवारी 2025 पासून त्यांच्याशी रस्त्यावरची पासपोर्ट तपासणी उठली. मग आम्ही बसने तिमिशोआराला गेलो. सीमेवर बस थांबलीच नाही. डावीकडे रिकाम्या चौक्या मागे पडल्या आणि मला उगाचच विजयी वाटलं. तरी पासपोर्ट जवळ ठेवाच, अधूनमधून तपासतात. 1989 ची क्रांती याच शहरात पेटली, आणि तिथला जुन्या इमारतींचा मोठा चौक संध्याकाळी फार छान दिसतो. एक चूक मात्र तिथेही झाली. रुमानियाचं घड्याळ हंगेरीच्या एक तास पुढे असतं. ह्यांच्या मनगटावर सेगेदचीच वेळ होती, त्यामुळे परतीची बस आम्ही धावत धावत पकडली. आणि हंगेरीचे फॉरिंट तिथे कुणी घेत नाही, रुमानियाचं चलन, लेइ, लागतात.

जवळचं काही हवं असेल तर माको. कांद्यासाठी प्रसिद्ध गाव, त्यामुळे मी लासलगावच्या नजरेनेच पाहिलं. गरम पाण्याच्या स्नानगृहाचं नावसुद्धा कांद्यावरून, हॉद्यमातिकुम. इमारत इम्रे माकोवेत्सची, आतून एखाद्या मोठ्या झाडाच्या ढोलीसारखी. ओपुस्तासेरला फेस्ती या चित्रकाराचं गोल चित्र आहे, 120 मीटर लांब आणि 15 मीटर उंच. मधोमध उभं राहून मान दुखेपर्यंत पाहिलं. होद्मेझोवाशार्हेयला जाणारी गाडी सेगेदच्या रस्त्यांवर ट्राम असते आणि गावाबाहेर पडली की रेल्वे होते. ह्यांना ती इतकी आवडली की उतरून पुन्हा बसलो.

प्रवास विमाही नीट बघा. आमचा फक्त शेंगेन देशांपुरता होता, म्हणजे सर्बियात पाय मुरगळला असता तर खर्च आमचाच.

लेक नंतर एकटी सुबोतित्साला जाऊन आली. तिच्याकडे राहण्याचा परवाना आहे, तिला कसली अडचण! टाऊन हॉलचे चौदा फोटो पाठवलेत. त्या दिवसाची आमची दोन तिकिटं अजून माझ्या पर्समध्येच आहेत.