सी लायसन्सपेक्षा अनुभवाचं पत्र अवघड

सोलापुरात फुटबॉल कोच म्हणून पोट भरायचं तर एका मैदानावर भागत नाही. जूनमध्ये शाळा बोलावते, फेब्रुवारीत परीक्षा जवळ आल्या की "पुढच्या वर्षी बघू सर" म्हणते. मे महिन्यात पारा ४४ वर गेल्यावर समर कॅम्प; तो पहाटे साडेपाचला सुरू करून ऊन चढायच्या आत मुलांना घरी पाठवायचं. होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर, सगळीकडे शिकवून झालंय. रस्त्यात जुनी मुलं भेटतात, ती पहिला प्रश्न हाच विचारतात : "काय सर, आता कुठल्या शाळेत?"

बोरा मिलुटिनोविच नावाचा सर्बियन कोच १९८६ ते २००२ असे लागोपाठ पाच वर्ल्ड कप पाच वेगळ्या देशांना घेऊन गेला. मेक्सिको, कोस्टा रिका, अमेरिका, नायजेरिया, चीन. मित्र मला त्याच्या नावानं चिडवतात. चिडवू देत. पण मेक्सिकोवाल्यांनी त्याला "तुम्ही आमच्याकडे होता याचा पुरावा काय?" असं नक्कीच विचारलं नसेल.

मला विचारलं.

आपल्याकडे कोचिंगच्या लायसन्सची शिडी ई, डी, सी, बी, ए आणि वर प्रो अशी आहे. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) हेड कोच व्हायचं तर प्रो लायसन्स लागतं. खालिद जमील यांनी मुंबई एफसीत वर्षानुवर्षं काढली, २०१६-१७ला आयझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली, मग ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट, जमशेदपूर असं फिरत २०२५मध्ये भारताचे कोच झाले. मला तिथवर जायचं नाहीये. पण पुण्यातल्या बऱ्या अकॅडमीत अर्ज टाकला की पहिला प्रश्न लायसन्सचा येतो, आणि डीवर उत्तर संपतं.

डी झालं, सीआरएसवर (फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेवर) नोंदणी झाली, मेडिकल झालं, फीचे पैसेही जमले. यात सांगण्यासारखं काही नाही. सीच्या अर्जासोबत मात्र डीनंतर प्रत्यक्ष कोचिंग केल्याचा पुरावा मागितला. लेटरहेडवर, कालावधी आणि वयोगटासह, सही-शिक्क्याचा. एका क्लबनं दुसऱ्या दिवशी दिला. समर कॅम्पवाल्यांनी चहा पाजून दिला. राहिली ती इंग्रजी माध्यमाची मोठी शाळा, जिथं मी सर्वांत जास्त काम केलं होतं. बाकीचे दोन कागद तिच्यापुढे किरकोळ होते.

पहिला हंगाम शाळेनं मला थेट ठेवलं होतं. दुसऱ्या हंगामात सगळे कोच एका एजन्सीमार्फत घेतले. मैदान तेच, मुलं तीच, फक्त पैसे एजन्सीकडून. आता शाळा म्हणाली, तुम्ही एजन्सीचे. एजन्सीचं ऑफिस बंद आणि फोन लागेना. ऑफिसातले भाऊसाहेब दर वेळी खुर्ची पुढं करायचे. "बसा की सर, काय गडबड हाय?" गडबड होती, अर्जाची तारीख जवळ येत होती. मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, संस्थेला विचारावं लागेल. संस्थेची मीटिंग संक्रांतीनंतर. तोवर सिद्धेश्वराची यात्रा आली, गड्ड्याची जत्रा भरली, शाळेला सुट्टी लागली. सुट्टी संपली तर दहावीच्या प्रॅक्टिकलची धावपळ.

याच ऑफिसात काचेच्या कपाटात आम्ही जिंकलेली ढाल आहे. शेजारच्या फोटोत मी डावीकडे उभा आहे, गळ्यात शिट्टी. ते मी भाऊसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, फोटोवर जावक नंबर नाही.

मग स्पर्धेच्या प्रवेश यादीची आठवण झाली. सुब्रतो चषक असो की शालेय स्पर्धा, संघाच्या यादीवर व्यवस्थापकाची सही असतेच. कागद निघाले. सही पीटीच्या सरांची. कायम शिक्षकाचंच नाव घालायची त्या शाळेची पद्धत आहे, आणि सर तसे भले माणूस. सामन्याला यायचे, सही करायचे, सावली बघून बसायचे. ऑफसाइडचा सापळा कसा लावायचा हे पोरांना कुणी शिकवलं, ते यादीवर कुठं येणार?

पालकांकडून पत्रं घ्यायच्या फंदात पडू नका. मी घेतली, छान होती, कुणी वाचली नाहीत.

शेवटी शाळेनं एक पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, "यांनी खेळाच्या तासाला साहाय्य केले." वयोगट नाही, तारीख नाही, फुटबॉल हा शब्दसुद्धा नाही. मी ते टेबलावरच ठेवून आलो. त्या दिवशी आवाज जरा चढला माझा, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

सुटका केली ती संस्थेच्या अकाउंटंटनी. शिपाई मामांनी सांगितलं म्हणून त्यांच्याकडे गेलो. पहिल्या हंगामाची मानधनाची व्हाउचरं त्यांच्याकडे गठ्ठ्यात बांधलेली होती : "फुटबॉल प्रशिक्षण", महिना, रक्कम, आणि रेव्हेन्यू स्टँपवर माझी सही. पैसे दिल्याचा कागद शाळेला नाकारता येईना. त्यावरून पहिल्या हंगामाचं नीट पत्र निघालं. दुसऱ्यासाठी एजन्सीकडून पैसे जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जोडलं, आणि मॅडमनी "आमच्या मैदानावर चौदा वर्षांखालील संघाला प्रशिक्षण दिले" एवढी ओळ वाढवली. तेवढी पुरली.

म्हणून माझ्यासारख्या फिरत्या कोचना सांगतो, पत्र हंगाम संपल्यावर मागू नका. उपांत्य फेरीच्या आधल्या दिवशी मागा. तेव्हा शाळेला तुमची गरज असते, लेटरहेड लगेच सापडतं. व्हाउचरवर सही करताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एजन्सीकडून काम असेल तर करारावर शाळेचं नाव आणि संघाचा वयोगट लिहून घ्या. प्रवेश यादीवर तुमची सही चालते का, हे जूनमध्येच विचारा. तेव्हा कुणी चिडत नाही.

कोर्सबद्दल फार लिहीत नाही. सेशन प्लॅन कागदावर लिहायचा, मग बाकीच्या कोचना खेळाडू करून तो मैदानावर घ्यायचा, वरून प्रश्नांचा मारा. मला हिंदीत बोललेलं चाललं. कोल्हापूरची मंडळी पेठांच्या संघांवरून जेवतानासुद्धा भांडत होती, त्यांच्याकडे सामन्याला गर्दी कशी लोटते हे ऐकून पोटात दुखलं. पास झालो.

जूनमध्ये त्याच शाळेतून फोन आला, यंदा संघ चांगला आहे, येता का. नियुक्तीपत्र पाठवा म्हटलं. विचारून सांगतो म्हणाले.

एक राहिलं. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात, तेलुगू भाषिक वस्तीत, पुष्कळांचं आडनाव आधी आणि नाव नंतर लागतं, शिवाय शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं. सीआरएसवर, पत्रावर आणि आधारवर नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. माझ्या बरोबरच्या एकाचा अर्ज एवढ्यावरूनच परत आला होता.