उंच खिडक्यांचं घर

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहरापासून दक्षिणेला तासाभरावर लिंकन काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग आहे. माळावर चरणारी गुरं, मक्याची शेतं, मध्येच एखादं चर्च. काउंटीला नाव अब्राहम लिंकनचं नाही, स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती बेंजामिन लिंकन यांचं दिलंय. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता; १७८० साली व्हर्जिनियाने त्याच्या तीन काउंट्या केल्या, त्यातली ही एक.

इथे येणाऱ्या पाहुण्यांना मी आवर्जून विल्यम व्हिटली या सुरुवातीच्या वसाहतकऱ्याचं घर दाखवते. केंटकीतल्या सगळ्यात जुन्या विटांच्या घरांपैकी हे एक, अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं. लाल भिंतीत चकाकत्या विटा बसवून समोरच्या बाजूला विल्यमची आद्याक्षरं काढली आहेत आणि मागच्या बाजूला त्याची बायको एस्थर हिची. त्या काळात बायकोचं नाव भिंतीवर आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खिडक्या मात्र जमिनीपासून चांगल्याच उंच, आपल्या जुन्या वाड्यांसारख्या. बाहेरच्याला आत डोकावता येऊ नये, नेम धरता येऊ नये, म्हणून. घरातून पळून जायला गुप्त जिनाही आहे. हल्ल्याची भीती खरीच होती. जवळच स्टॅनफर्डला बेंजामिन लोगनचा किल्ला होता, त्याला १७७७ मध्ये वेढा पडला होता.

गोरे वसाहतकरी रिकाम्या रानात आले असं इथे अजूनही सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. रान रिकामं असतं तर खिडक्या एवढ्या वर कशाला घेतल्या असत्या? ही शॉनी आणि चेरोकी या मूळ रहिवासी जमातींची शिकारीची भूमी. १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसन या जमिनींचा धंदा करणाऱ्याने चेरोकींच्या काही प्रमुखांकडून ती विकत घेतली. ड्रॅगिंग कनू या तरुण प्रमुखाने तेव्हाच कडाडून विरोध केला होता आणि शॉनी तर त्या व्यवहारात नव्हतेच.

व्हिटलीने घराजवळ घोड्यांच्या शर्यतीसाठी मातीची धावपट्टीही केली. शर्यती इंग्रजांच्या उलट दिशेने धावायच्या. त्याच्या पदरी गुलाम होते. १७९२ मध्ये केंटकी राज्य झालं, तेव्हा पहिल्याच राज्यघटनेने गुलामगिरी कायम ठेवली. घर पाहताना हे विसरू नये.

साठी उलटल्यावरही व्हिटली १८१२ साली सुरू झालेल्या युद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढायला गेला आणि ५ ऑक्टोबर १८१३ रोजी कॅनडातल्या टेम्स नदीकाठच्या लढाईत मारला गेला. त्याच लढाईत शॉनींचा नेता टेकुमसेही पडला.