व्होरिकोनॅझोल सुरू केलं, टॅक्रोलिमसचं काय?

किडनी बदललेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात ॲस्परजिलस बुरशी सापडली की बहुधा व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू होतं. शिरेतून पहिले दोन डोस किलोमागे ६ मिग्रॅ, १२ तासांच्या अंतराने. पुढे ४ मिग्रॅ. खरी गोची इथेच होते. हे औषध यकृतातलं, औषधं मोडणारं सीवायपी३ए४ एन्झाइम अडवतं, मग टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रुग्ण घेत असलेलं औषध, रक्तात साचतं. हात थरथरतात, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावल्याची रक्तातली खूण) चढतं. म्हणून टॅक्रोलिमस त्याच दिवशी एक तृतीयांशावर आणून पातळी वारंवार तपासतात.

व्होरिकोनॅझोलचीही पातळी पाचव्या दिवसाच्या सुमारास, सकाळच्या डोसआधी बघावी: १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. गोळ्या सुरू झाल्या की जेवणापासून तासभर लांब.

आणि कळकळीने सांगते, बुरशीचं औषध थांबताना टॅक्रोलिमस पुन्हा वाढवावं लागतं. ते राहून गेलं तर पातळी कोसळते आणि शरीर किडनी नाकारू लागतं. डोस बदलणं मात्र ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचंच काम.