मॅक्रो पास होईपर्यंत

ट्रेलरच्या एका ब्रॅकेटचं सीओटू वेल्डिंग (टॉर्चमधून तार आपोआप सुटत राहते आणि भोवती गॅस असतो ते) ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. बीड, म्हणजे वेल्डचा पट्टा, बघून कुणीही पास केली असती. भरगच्च, सरळ, कुठे अंडरकट, म्हणजे कडेला पडणारी खाच, नाही. मॅक्रो टेस्टला, म्हणजे जोड कापून आतून बघितला की, मात्र आतल्या कोपऱ्याचा तुकडा हमखास नापास. कापून, पॉलिश पेपरने घासून नायटल (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं द्रावण) लावलं की मुळाशी काळी रेघ उठायची. पत्रा वितळलाच नव्हता, धातू नुसता वर बसला होता. बाहेरचा कोपरा ठणठणीत. वेल्डर तोच, सेटिंगही तेच.

मशीनपाशी उभं राहून मीटर बघत बसलो तेव्हा उलगडा झाला. बाहेर १९० च्या आसपास असलेले अँपिअर आत शिरताना १५० वर यायचे. जॉब धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा क्लॅम्प टॉर्चच्या नोझलला (गॅस सोडणाऱ्या तोंडाला) आडवा येत होता. त्यामुळे टॉर्च मागे राहायची आणि टिपबाहेरची तार (टिप म्हणजे नोझलच्या आतली, तारेला करंट देणारी नळी) १२ मिमीच्या जागी २५ मिमीपर्यंत लांबायची. तार लांबली की तिचा रोध वाढतो, ती वाटेतच तापते आणि तेवढीच तार वितळवायला करंट कमी लागतो. तार सुटण्याचा वेग तोच, म्हणून धातू तेवढाच पडतो; पत्र्यात शिरणारी उष्णता मात्र घटते. डोळ्याला हे कळतच नाही.

सुपरवायझर म्हणाले, "वायर फीड, म्हणजे तार सुटण्याचा वेग, वाढवा." अँपिअर चढले, पण धातूही वाढला आणि बीड नुसती फुगली. ब्लो होल (वेल्डमधली गॅसची भोकं) दिसले म्हणून कुणीतरी गॅस वाढवला. गॅस फार जोरात सोडला की तो घुसळतो आणि बाहेरची हवाच आत ओढतो, त्यामुळे तिथेही फायदा शून्य. वेल्डिंग करणारे मामा एवढंच म्हणाले, "साहेब, टॉर्चच आत जाईना, तर बटणं फिरवून काय उपयोग?"

मग क्लॅम्प मागे सरकवला, निमुळतं नोझल लावलं आणि टिप नोझलच्या तोंडाबरोबर आणली. १.२ मिमीच्या तारेसाठी प्रोसिजरच्या कागदावर "टिप ते जॉब अंतर १२ ते १५ मिमी" अशी ओळ घातली. आधी तिथे फक्त व्होल्ट, अँपिअर आणि गॅस लिहिलेला होता. माझ्या मते अर्धी भानगड तिथेच होती.

मॅक्रो पास झाला. ग्राहकाच्या माणसाने सही करण्याआधी मामांना समोर वेल्डिंग करायला लावलं आणि बीडकडे ढुंकूनही न बघता सगळा वेळ मीटरवरच नजर ठेवली.