जहाजावरची गादी

केबिन आवरायला कुणीतरी येणार म्हटल्यावर पहिल्याच सकाळी मी गादी नीट केली, चादर ओढून चौकोनी घातली आणि ओले टॉवेल घडी करून दांडीवर टाकले. कोथरूडच्या घरी बावीस वर्षं मी हेच करत आलेय. मावशी यायच्या आधी खरकटं काढायचं, भांडी विसळून ठेवायची, दिवाणावरचे कपडे उचलायचे. सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाणाऱ्या जहाजावर ही सवय कशी सुटणार?

आमच्या केबिनचं काम बघणारा मुलगा इंडोनेशियाचा होता. टॉवेल बदलले नाहीत म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, तेव्हा त्यानं अगदी अदबीनं समजावलं. दांडीवर टाकलेला टॉवेल म्हणजे ‘पुन्हा वापरणार’, खाली टाकलेला म्हणजे ‘बदला’. आणि मॅडम, गादीला हात लावू नका. त्यांच्याकडे चादरीचे कोपरे ठरावीक पद्धतीनंच दुमडावे लागतात, त्यामुळे मी घातलेली चादर उपसून तो पुन्हा पहिल्यापासून घालत होता. त्याचे कष्ट वाचावेत म्हणून मी जे करत होते, त्यानं त्याची पाच मिनिटं वाढत होती. मला फार वाईट वाटलं.

माझ्या धाकट्या जाऊबाई न्यू जर्सीला असतात. हा त्यांचा सहावा क्रूझ. त्यांची तक्रार वेगळीच. “अहो ताई, पूर्वी संध्याकाळीसुद्धा यायचे. जेवून परत येईपर्यंत पांघरूण उलगडलेलं, दिवे मंद केलेले, टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. आता सकाळी एकदा येतात नि संपलं.” हे खरं आहे. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या दोन्ही कंपन्यांनी २०२३ पासून बहुतेक साध्या केबिनमध्ये दिवसातून दोनदा होणारी आवराआवर एकदाच केली. भाडं काही कमी केलं नाही, हे जाऊबाईंचं म्हणणं. पण त्यांना खरी रुखरुख हत्तीची नव्हती. संध्याकाळी दाराशी उभं राहून नावानं हाक मारणारं, गुडघा कसा आहे विचारणारं माणूस त्यांना हवं होतं. तिकडच्या घरात दिवसभर कुणी दार वाजवत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांच्या तक्रारीला मी नावं ठेवली नाहीत.

माझ्या नवऱ्याला यातलं काहीच नको होतं. त्याला पहाटे साडेपाचला गोळीसाठी गरम पाणी हवं, एवढंच. केबिनमध्ये किटली नव्हती. वरच्या बुफेत थर्मास थेट नळाखाली धरू देत नाहीत. आपल्या बाटलीचं तोंड नळाला लागलं तर पोटाचा संसर्ग जहाजभर पसरू शकतो, म्हणून आधी कपात घेऊन मग ओतायचं. तो दोन दिवस चिडचिडला, मग रोज कप घेऊन जायला लागला.

वादाची खरी गोष्ट शेवटच्या संध्याकाळी घडली. आमच्या ग्रुपमधली बरीच मंडळी काउंटरवर रांगेत उभी होती, बिलातली टिप काढून टाकायला. मोठ्या अमेरिकी कंपन्या दर माणशी दर रात्री साधारण १६ ते २० डॉलर आपोआप लावतात. आमच्या दोघांचे चार रात्रींचे १२८ डॉलर झाले होते, म्हणजे अकरा हजारांच्या आसपास. टूरवाल्यांनी पुण्यात याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, म्हणून लोकांचा राग मला कळतो. नवराही म्हणाला, “सगळे पैसे आधीच भरलेत ना आपण?” जेवणाच्या टेबलावरचं इंग्लंडचं जोडपंही काहीसं असंच बोललं होतं. तिकडच्या पी अँड ओ कंपनीनं २०१९ मध्ये वेगळी टिप बंद करून ती भाड्यातच धरली. पगार मालकानं द्यावा, हे मलाही पटतं. पण आपण रांगेत उभं राहिल्यानं मालकाचं काही जात नाही, त्या मुलाचं जातं.

हे मी ठामपणे म्हणू शकते, कारण आमच्या सोसायटीतला एक मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून असाच जहाजावर होता. आठ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही, झोपायला खाली दोघांत एक खिडकी नसलेली खोली. जगभरच्या खलाशांसाठीचा कामगार करार २००६ चा, लागू झाला २०१३ मध्ये, भारतानं तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात विश्रांतीची हद्द आहे ती २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास. ते दहा तासही सलग मिळतीलच असं नाही. दोन तुकड्यांत दिले तरी चालतात, फक्त एक तुकडा सहा तासांचा हवा. हा करार झालाय म्हणून निदान एवढं तरी.

मी नवऱ्याला रांगेतून बाहेर काढलं. आमचं थोडं वाजलं, पण बिल तसंच राहिलं.

आमच्या केबिनच्या मुलाला मी विचारलं होतं, तुला आमच्याकडून काय हवं? तो म्हणाला, सकाळी केबिन लवकर रिकामी करा. उतरण्याच्या दिवशी जुने लोक गेले की दुपारी नवे चढायच्या आत त्याच्या वाट्याच्या सगळ्या केबिन नव्यानं लावायच्या असतात. म्हणून आम्ही सात वाजताच बॅगा घेऊन नाश्त्याला गेलो. नवऱ्याचा चष्मा राहिला म्हणून मी परत आले, तर चादरी निघाल्या होत्या, मळक्या कपड्यांची गाठोडी बोळात रांगेनं पडली होती. तो हनुवटीखाली उशी धरून अभ्रा चढवत होता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यानं चष्मा नुसत्या नजरेनं दाखवला.